ऑफसाइडवर भांडायचं, तर आधी टेप तपासा

२१ एप्रिल २०२४. रविवार, रात्रपाळी. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये माग खडखडतायत, पंखे गरम वारा फेकतायत, आणि माझ्या टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाईल उभा केलाय. इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या एफए कपची सेमीफायनल, मँचेस्टर युनायटेड आणि कोव्हेंट्री. मागांच्या आवाजात कॉमेंट्री ऐकू यायचा प्रश्नच नाही, म्हणून आम्ही मॅच मुकीच बघतो. सुरुवातीला सगळे युनायटेडचे. मग मी सांगितलं, की कोव्हेंट्री हे एके काळी रेशमी फिती विणणाऱ्यांचं गाव होतं, तिथेही जॅकार्डचे, म्हणजे नक्षी विणणारे, माग चालायचे. झालं. अर्धी शेड कोव्हेंट्रीची झाली.

तीन गोल खाल्लेल्या त्या खालच्या डिव्हिजनच्या टीमने तिन्ही फेडले, आणि जादा वेळ संपता संपता व्हिक्टर टॉर्पने चौथा मारला. आमचा कांडीवाला पोरगा पेटीवर चढून नाचला. मग स्क्रीनवर रेषा आल्या. हाजी राइटच्या बुटाचं टोक पुढे. गोल रद्द, आणि पेनल्टीवर युनायटेड फायनलला. त्यानंतर तासभर जो आरडाओरडा झाला, त्यात सहा नंबरच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटलेले कुणालाच दिसले नाहीत. मान तुटलेल्या मोराची ती चादर अजून माझ्या घरी आहे. विकणार कुणाला?

भांडायला माझी हरकत नाही. पण त्या रात्री एक जण म्हणत होता रेषा चुकली, दुसरा म्हणत होता कायदाच चुकीचा, तिसरा म्हणत होता रेफ्रीने पैसे खाल्ले, आणि तिघांनाही वाटत होतं की आपण एकाच गोष्टीवर बोलतोय. मी जॉबर आहे. माग बसवायचे, जुळवायचे, चादर मापात येते का बघायचं, हे एकतीस वर्षांचं काम. शिवाय तरुणपणी दहा-बारा वर्षं पूर्व भागातल्या रविवारच्या मॅचेसना लाइनवर झेंडा धरलाय. दोन्हीकडे पोटभर शिव्या खाल्ल्यात. तेव्हा बारीक ऑफसाइडवर भांडायची आमच्या शेडची रीत सांगतो. घरी, कट्ट्यावर, कुठेही चालते.

बोलायच्या आधी बोट वर करायचं. एक बोट म्हणजे माझं भांडण क्षणाशी आहे. दोन म्हणजे अंगाच्या कुठल्या भागावर रेषा टाकली त्याच्याशी. तीन म्हणजे किती सूट द्यायची याच्याशी. चार म्हणजे कायद्याशीच. आवाजात शब्द पोचत नाहीत म्हणून ही खूण काढली, पण शांत घरातही वापरून बघा. समोरच्याची दोन बोटं आणि तुमची चार असतील, तर तुम्ही रात्रभर भांडलात तरी गाठ पडणार नाही.

कायदा सगळ्यांना येतो असं सगळ्यांना वाटतं, म्हणून तो एकदा म्हणून घ्या आणि पुढे जा. आपल्या माणसाने चेंडू खेळला त्या क्षणी, विरोधी अर्ध्यात, चेंडूपेक्षा आणि विरोधी टीमच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षा तुमचं डोकं, धड किंवा पाय गोलरेषेच्या जवळ असेल, तर तुम्ही ऑफसाइड जागेवर. हात धरत नाहीत. हात काखेच्या खालच्या टोकापासून सुरू होतो. बरोबरीत असाल तर ऑफसाइड नाही, ही सवलत १९९० पासूनची. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल-किकवर ऑफसाइड नसतो. (हे शेवटचं वाक्य दर महिन्याला नव्याने सांगावं लागतं.)

एक मुद्दा मात्र इथेच पक्का करा. व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या रेफ्रीने, फक्त उघड, ढळढळीत चुकीतच हात घालावा, असं ऐकलेलं असतं. फाउल, पेनल्टी अशा बाबतीत ते खरं आहे. ऑफसाइड जागा ही मोजून सांगायची बाब मानली जाते, म्हणून तिथे ढळढळीतपणाची अट नाही. एक सेंटिमीटर पुढे, तरी ऑफसाइड. "एवढ्याशा फरकासाठी व्हीएआर आणलाच कशाला?" असं कुणी विचारलं तर त्याला सांगा, बाबा, तुझी चार बोटं आहेत, दोन दाखवू नकोस.

आता एक बोट. माझ्या मते निम्मं भांडण इथेच असतं आणि इथेच सगळ्यात कमी लोक भांडतात, कारण रेषा दिसते, क्षण दिसत नाही.

चालू मागावर धोट्याचा, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या ठोकळ्याचा, फोटो काढून बघा. एवढा लाकडी धोटा, पण फोटोत नुसता पुसट पट्टा येतो. तो पट्टा दाखवून कुणी मला विचारलं, धोट्याचं टोक नेमकं कुठे आहे, तर मी काय सांगणार? फुटबॉलचंही तसंच. टीव्हीचा कॅमेरा साधारण सेकंदाला पन्नास चित्रं घेतो. दोन चित्रांमध्ये अंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं. ताशी २९ किलोमीटरने पळणारा फॉरवर्ड सेकंदाला आठ मीटर जातो, म्हणजे तेवढ्यात १६ सेंटिमीटर. त्याच वेळी डिफेन्डर ऑफसाइडच्या सापळ्यासाठी उलटा सेकंदाला तीन मीटरने पुढे येत असेल, तर दोघांतलं अंतर २२ सेंटिमीटरने बदलतं. आपला अंगठा आणि करंगळी ताणून बघा. वीत. पायाचा चेंडूला स्पर्श दोन चित्रांच्या मधे झाला, आणि व्हीएआरवाल्याने त्यातलं जवळचं चित्र अचूक निवडलं, तरी अर्ध्या वितीची शंका उरतेच. पाय चेंडूला टेकतो आणि चेंडू सुटतो यातही साधारण सेकंदाचा शंभरावा भाग जातो. पहिला स्पर्श धरायचा असा नियम आहे, तो त्यासाठीच.

म्हणून स्क्रीनवर चित्र थांबलं की आधी फॉरवर्डकडे बघू नका. पास देणाऱ्याचा पाय बघा. चेंडू पायाला चिकटलेला आहे, सुटलाय, की अजून पोचायचाय? ते सांगता येत नसेल, तर बुटाच्या टोकावर बोलायचा हक्क तुम्हाला नाही. मलाही नाही.

दोन बोटांसाठी गवंड्याचा ओळंबा आठवा. जमिनीवरच्या पायांची तुलना सोपी. पण एकाचा खांदा आणि दुसऱ्याची टाच अशी गाठ पडली, की खांदा हवेत असतो. त्याच्यापासून जमिनीवर सरळ ओळंबा सोडायचा आणि मग रेषा मारायची. हाताने रेषा मारायच्या पद्धतीत कोणता ठिपका खांद्याचा, हे माणूस ठरवतो. जर्सी फुगलेली, हात वर, आणि काख कुठे संपते ते शोधायचं! २ नोव्हेंबर २०१९ ला अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध लिव्हरपूलच्या फर्मिनोचा गोल असाच काखेपायी गेला. माझी बायको तीस वर्षं ब्लाउज शिवते. तिला ते चित्र दाखवलं तर म्हणाली, "अंगावर कापड असताना काखेचं माप टेपनेसुद्धा नीट येत नाही, फोटोवरनं काय घेतात?" दोन बोटांचा याहून चांगला मुद्दा मी ऐकलेला नाही.

हे सगळं वाचून पटणार नाही, म्हणून एक रविवार घालवा. मैदानावर दोन खिळे ठोकून सूत ताणा, बाजूने फक्कीची रेघ मारा. एक पोरगा डिफेन्डर, टाच सुतावर. दुसरा बरोब्बर त्याच्या बरोबरीत, पण पाच-सहा मीटर अलीकडे, तुमच्या बाजूला. मोबाईल आधी सुताच्या सरळ रेषेत धरून फोटो काढा. मग दहा पावलं मध्यरेषेकडे सरकून काढा, मग दहा पावलं गोलकडे सरकून. मध्यरेषेकडून काढलेल्या फोटोत जवळचा पोरगा पुढे गेलेला दिसेल, गोलकडून काढलेल्यात मागे राहिलेला. पोरं जागची हललेलीसुद्धा नाहीत. मी लाइनवर असताना पळण्यात दोन पावलं मागे राहिलो की माझ्या बाजूचा फॉरवर्ड मला असाच ऑफसाइड दिसायचा. एकदा दाजी पेठेतल्या पोरांची अख्खी फायनल मी अशा झेंड्याने बिघडवली. त्यातला एक जण आता आमच्याच गल्लीत किराणा दुकान चालवतो, आणि अजून मला सुटे पैसे देत नाही.

मग पोरांना पळवा. तिसऱ्याने चेंडू मारायचा, दुसऱ्याने सुतावरून पळत सुटायचं. एकदा साध्या व्हिडिओवर घ्या, सेकंदाला तीस चित्रं. एकदा स्लो-मोशनवर, बऱ्याच मोबाईलमध्ये दोनशे चाळीस मिळतात. सेकंदाला सहा मीटर पळणारा पोरगा साध्या व्हिडिओत दोन चित्रांमध्ये वीस सेंटिमीटर उडी मारतो, स्लो-मोशनमध्ये अडीच. साध्या व्हिडिओवरून तिघांना वेगवेगळं बसवून विचारा, "लाथ कोणत्या चित्रात बसली?" आमच्याकडे तिघांनी तीन चित्रं सांगितली होती. चहा मात्र तिघांनी माझ्याच पैशाने घेतला.

आता तीन बोटं. इथे मला एक जुनं दुखणं सांगायचंय.

बरीच वर्षं झाली, एका व्यापाऱ्याने आमच्या चादरींचा गठ्ठा परत पाठवला. साठ बाय नव्वद इंची चादर अर्धा इंच कमी भरते म्हणाला. मालक माझ्यावर उखडले. मी स्वतः जाऊन त्याच्याच दुकानात, त्याच्याच टेपने मोजलं, तर खरंच साडेएकोणनव्वद. मग खिशातली पोलादी टेप काढून मोजलं, नव्वद. त्याची कापडी टेप वापरून वापरून ताणली गेली होती, आणि ताणलेली टेप नेहमी कमीच दाखवते. तो माणूस प्रामाणिक होता. टेपवर जे दिसलं ते त्याने सांगितलं. फक्त टेपवर इंचाच्या आठव्या भागाच्या खुणा आहेत, म्हणजे ती तेवढं अचूक मोजते, असं त्याने धरलं होतं.

२०१९-२० ला इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये व्हीएआर आला तेव्हा नेमकं हेच झालं. विती-अर्ध्या वितीची शंका असलेल्या चित्रावर केसाएवढ्या रेषा. पहिल्याच आठवड्यात, १० ऑगस्टला, वेस्ट हॅमविरुद्ध स्टर्लिंगच्या खांद्यामुळे मँचेस्टर सिटीच्या गॅब्रिएल जेझुसचा गोल गेला. दोन वर्षं लोकांनी बोंब मारली. मग २०२१-२२ पासून रेषा जाड केल्या आणि ठरवलं, की दोघांच्या रेषा एकमेकींना शिवल्या तर फॉरवर्डला सूट. म्हणजे टेपची चूक टेपवाल्यांनीच कबूल केली.

कतारच्या २०२२ च्या वर्ल्ड कपपासून गोष्ट बदलली, हे मान्य करा. न करता भांडलात तर माझा भाचा तुम्हाला पाडेल. स्टेडियमच्या छताखाली बारा कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे एकोणतीस ठिपके सेकंदाला पन्नास वेळा टिपायचे. चेंडूच्या पोटात सेन्सर, तो सेकंदाला पाचशे वेळा खबर देतो. लाथेचा क्षण सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत पकडला, तर आठ मीटरच्या वेगाला दीड-पावणेदोन सेंटिमीटरचाच फरक उरतो. पहिल्याच मॅचमध्ये, तिसऱ्या मिनिटाला, इक्वाडोरच्या व्हॅलेन्सियाचा गोल याच यंत्राने रद्द केला. एस्त्रादाचा पाय पुढे होता, आणि तो साध्या डोळ्यांनी जगात कुणालाच दिसला नव्हता. प्रीमियर लीगने १२ एप्रिल २०२५ पासून आपलं यंत्र सुरू केलं, तिथे तर कॅमेरे म्हणून आयफोन बसवलेत. पण सगळ्या लीगच्या चेंडूत चिप नसते, तेव्हा कुठल्या स्पर्धेवर भांडताय ते आधी विचारा.

आणखी एक. शेवटी टीव्हीवर जी निळी-हिरवी भिंत आणि मेणाच्या बाहुल्यांसारखे खेळाडू दिसतात, तो फोटो नाही. मोजलेल्या ठिपक्यांवरून काढलेलं चित्र आहे ते. २०२४ च्या युरोत जर्मनीविरुद्ध डेन्मार्कच्या डिलेनीचं बुटाचं टोक अशाच भिंतीतून बाहेर आलं आणि अँडरसनचा गोल गेला. चित्र इतकं स्वच्छ असतं की शंका घ्यायची लाज वाटते. घ्या. ठिपक्यांच्या मधलं बूट यंत्राने अंदाजाने भरलेलं असतं. गर्दीत तर यंत्रालाही दम लागतो. १ मार्च २०२५ ला एफए कपच्या बोर्नमथ-वुल्व्ह्ज मॅचमध्ये खेळाडूंच्या गर्दीमुळे यंत्र चाललं नाही, पुन्हा हाताने रेषा मारल्या, आणि सगळी तपासणी आठ मिनिटं चालली. आठ मिनिटांत आमच्याकडे मागाचा तुटका पट्टा बदलून होतो.

माझं मत विचाराल तर क्रिकेटसारखं अंपायर्स कॉल आणा. टेपची जेवढी शंका, तेवढी पट्टी. पट्टीच्या आत असेल तर लाइन्समनने जे दिलं तेच कायम. एलबीडब्ल्यूला चेंडूचा निम्म्याहून कमी भाग स्टंपला लागत असेल तर मैदानावरचा निर्णय राहतो, तसं.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, "काय बोलूलालाव मामा? तुमची पट्टी जिथं संपते, तिथं परत एक रेषा आलीच की. पट्टीबाहेर एक सेंटिमीटर गेला, की पुन्हा तेच भांडण." हा या विषयातला सगळ्यात जड दगड आहे. तो कुणी टाकला नाही तर तुम्ही स्वतः टाका, नाहीतर वादाला चव नाही. उत्तर शोधायला मला एक आख्खा पावसाळा लागला. पट्टीच्या कडेला भांडण तेच होईल, पण चूक ती होणार नाही. केसाएवढ्या रेषेवर ज्याला ऑफसाइड दिला, तो खरोखर ऑनसाइडसुद्धा असू शकतो. पट्टीच्या बाहेर ज्याला दिला, तो ऑफसाइड होता हे नक्की. भांडण उरतं ते फक्त सूट किती मिळावी याचं. चादरीतही आता आम्ही असंच करतो. अर्धा इंच कमी-जास्त चालेल, हे सौद्याच्या वेळीच ठरतं. त्याच्या पुढे एक सूत गेलं तरी माल परत, आणि कुणी रडत नाही.

यावर भाच्याने विचारलं, सारख्याच दोन गोलांना दोन लाइन्समननी दोन निर्णय दिले तर? तेव्हा मी माग बघायला उठलो.

चार बोटांचं भांडण आरामात, जेवणाच्या सुट्टीत, कडक भाकरी आणि शेंगा चटणी सोडून बसल्यावर करायचं. त्याला मोजमाप लागत नाही, कल्पना लागते. आर्सेनलचे जुने मॅनेजर आर्सेन वेंगर यांची सूचना अशी, की फॉरवर्डचं गोल करता येईल असं कुठलंही अंग डिफेन्डरच्या बरोबरीत असेल तर तो ऑनसाइड. दोघांच्या मधून उजेड दिसला तरच ऑफसाइड. ऐकायला गोड आहे. पण रेषा नाकावरून टाचेवर गेली, तरी टाच पुन्हा सेंटिमीटरमध्येच मोजणार. आणि डिफेन्डर काय गप्प बसतील? मागे सरकतील. कायदा हलला की खेळ हलतो. १९२५ मध्ये तिघांऐवजी दोघे विरोधी पुढे असले की पुरे असं ठरलं, तर इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमधले गोल एका सीझनमध्ये ११९२ वरून १७०३ झाले. म्हणून चार बोटंवाल्याला एकच प्रश्न विचारा: तुझ्या कायद्यात डिफेन्डर कुठे उभा राहील? उत्तर नसेल तर बोट खाली.

एका गोष्टीला आमच्याकडे बोटच नाही. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा गोल. रेषा बरोबर, क्षण बरोबर, खेळाडू ऑनसाइड. पण मैदानावर ऑफसाइड दिलाय हेच व्हीएआरच्या खोलीत ध्यानात राहिलं नाही. गोल दिलाय असं समजून "तपासलं, ठीक आहे" सांगितलं, आणि खेळ पुढे सुरू. त्याला कॅमेरे वाढवून काय होणार? मागावर पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला "तीन नंबरचा ब्रेक ढिला आहे" असं पुरतं सांगायचं असतं. नुसतं "ठीक आहे" म्हणणाऱ्याला मी दोनदा घरी पाठवलंय.

आमचे वारपर, म्हणजे ताणा भरणारे, आजोबा तेलुगू बोलतात आणि प्रत्येक बारीक निर्णयावर कसलंही बोट न दाखवता "लेदु, लेदु!" (नाही, नाही!) ओरडतात. त्यांना सूट आहे, वय झालं. बाकीच्यांना रीत पाळावी लागते. आता पाचही बोटांचा पंजा ही खूणसुद्धा ठरली आहे. पंजा दिसला, की गोल कुणाचाही असो, तोंड बंद करून आपापल्या मागाकडे वळायचं, कुठेतरी ताण्याचा धागा तुटलेला असतो.